गाडी नावावर झाली, मामा

मामा, तुम्ही गेलात त्या दुपारी मला आधी रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सासरा गेल्यावर सुनेला सुटल्यासारखं वाटलं म्हटलं तर लोक भलताच अर्थ काढतील. तुम्ही काढणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

जेवण करून तुम्ही लिंबाखाली बाजेवर आडवे झाला होतात. मी शाळेतून आले तेव्हा टोपी छातीवर होती आणि टोपीवर हात. मी चहा टाकला, घेऊन आले, हाक मारली. पुन्हा मारली. मग कपबशी खाली ठेवली आणि तुमच्या पायाशी बसले. तेव्हा मनात पहिलं आलं ते एवढंच, की या माणसाच्या पोटात आता काही दडवलेलं राहिलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही गेला असतात तर पोलिसांच्या वहीत संशयित म्हणून गेला असतात. आणि मीही तुम्हाला तसंच समजून बसले असते.

उभी हयात तुम्ही नगरला मिलिटरीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून काढली, म्हणून सगळी वाडी तुम्हाला फिटरमामा म्हणायची. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या आणि तुम्हीही महिन्यातून एकदा यायचात. घरात आम्ही दोघंच. माझी शाळा आणि ह्यांची कारखान्यातली नोकरी. मग त्या गळीत हंगामात ऊस वर नेणाऱ्या साखळीत ह्यांचा डावा पाय सापडला. साखळी अडकली होती, हे आत उतरून ऊस मोकळा करत होते, आणि वर बटणापाशी उभ्या असलेल्या माणसानं ती चालू केली. पाय गुडघ्याखाली गेला. तो माणूस म्हणजे जगन्नाथ. ह्यांचा जिवाभावाचा मित्र, एका डब्यात जेवणारे दोघं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर हे एवढंच बोलले, "त्याचं तोंड मला दिसू देऊ नका." जगन्नाथनं नोकरी सोडली, तालुकाही सोडला. त्यानंतर आपल्या घरात ते नाव कुणी काढलं नाही.

तुम्ही रिटायर होऊन घरी आलात ते हे असे बघायला. छपरात बसलेले. कुणी भेटायला आलं की भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे. कुबडी फक्त मोरीपर्यंत जायला उचलायचे. बैलगाडीतून बाजाराला चला म्हटलं तर म्हणायचे, "मी काय पोतं हाय का, उचलून टाकायला?" असे दोन पावसाळे गेले. मी शाळेत पोरांना पाढे शिकवायची आणि कान घराकडं लावून असायची. विहीर शाळेच्या मागंच होती. मला कशाची भीती वाटायची ते तुम्हाला ठाऊक होतं. आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही, पण विहिरीकडं जायला निमित्तच उरू नये म्हणून तुम्ही तिचा दोर रोज दुपारी काढून घरात आणून ठेवायचात.

मग एकदा तुम्ही नगरला गेलात आणि दुसऱ्या दिवशी बैलांकडून एक लोखंडी सांगाडा ओढवत घेऊन आलात. फाट्यापर्यंत तो ट्रकमधून आला होता.

"मामा, हे काय?"

"गाडी."

"कुठाय गाडी?"

"हुईल," तुम्ही म्हणालात आणि बैल सोडायला गेलात.

मिलिटरीच्या जुन्या सामानाच्या लिलावात तुम्ही जीपचा सांगाडा घेतला होता. त्याला चाकं दोनच, स्टिअरिंग वाकडं, आणि इंजिनाच्या जागी नुसती पोकळी. तो लिंबाखाली विटांवर चढवून तुम्ही ठोकाठोकी सुरू केलीत. पहिले काही दिवस ह्यांनी कानावर उशी घेतली. मग एका सकाळी छपरातून आवाज आला, "आबा, तो नट उलटा चढीवताय."

तुम्ही मागं न बघता म्हणालात, "मग कसा चढवू? मला दिसत न्हाई आता पैल्यासारखं."

हे कुबडी घेऊन बाहेर आले. मी चुलीपुढून पाहिलं आणि तशीच बसून राहिले, भाकरी करपली. पंधरा दिवस तुम्ही मुद्दाम चुका करत होतात हे तुम्ही मला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलंत, तेही खोकल्याच्या आडून हसत. चाळीस वर्षं गाड्या जोडणारा माणूस उलटा नट चढवतो म्हटल्यावर ह्यांना तरी संशय यायला हवा होता. पण कुणीतरी चुकतंय आणि आपण सांगू शकतो, एवढंच त्यांना हवं होतं बहुतेक.

डावा पाय नाही, मग क्लच कसा दाबणार, यावर बापलेकांचे वाद झाले. हे म्हणत होते लाकडी पाय बांधू. तुम्ही म्हणालात, पायाचं काम हाताला देऊ. गिअरच्या दांड्यालाच तुम्ही एक मूठ बसवलीत. मूठ दाबली की खालची सळई ओढली जायची आणि क्लच दबायचा. तेवढ्या एका सळईसाठी तुम्ही तीनदा नगरला जाऊन आलात.

आणि तिसऱ्या वेळी इंजिन घेऊन आलात. गोणपाटात गुंडाळलेलं, बैलगाडीत कडब्यावर ठेवलेलं. ह्यांनी विचारलं, "आबा, कुठनं आणलं?"

"मिळालं."

"कुनाकडनं?"

"एका मानसाकडनं. तू पॅकिंग बघ." आणि विषय संपला.

गाडी पहिल्यांदा चालू झाली ती सकाळ काय सांगावी. हे स्टिअरिंगवर, तुम्ही शेजारी, मी मागं सुतारानं केलेल्या फळीवर. बांधाच्या कडेनं, मग गाडीवाटेनं, मग थेट काष्टीच्या बाजारात. दोन वर्षांनी हे माणसांत गेले. लोक गाडीजवळ येऊन बोलत होते, हे आत बसून हसून उत्तरं देत होते. परत येताना म्हणाले, "गाडीत बसल्यावर मानूस पुरता दिसतो." तुम्ही तोंड फिरवून शेतं बघत होतात, मामा. शेतांत बघण्यासारखं काही नव्हतं, दुष्काळ होता. मला तुमची मान दिसत होती फक्त, आणि ती हलत होती.

मी तेव्हाच म्हटलं होतं, की गाडीला नंबर नाही, मालकीचं पुस्तक नाही, रीतसर नोंद करून घेऊ. तुम्ही म्हणालात, "मिलिटरीत गाडी चालू झाली की सायब बघायचा, गाडी गेटाभाईर. कागद मागनं यायचा."

"मामा, हे मिलिटरी नाही."

"कागदानं गाडी चालत न्हाई, सूनबाई."

चार महिने गाडी तशीच चालली. माझ्या शाळेतल्या मुलांच्या दुष्काळी खाण्याची, सुकडीची, पोतीसुद्धा तिनं आणली. मग दुष्काळी कामाच्या रस्त्यावर फौजदारांनी ती थांबवली. त्याच सुमारास कुणाची तरी जीप चोरीला गेली होती, त्यामुळं ते प्रत्येक बिननंबरी गाडी बघत होते. सांगाड्याचा कागद आहे म्हटल्यावर त्यांनी इंजिनावरचा नंबर पुसून वाचला आणि विचारलं, "हे कुणाचं?"

तुम्ही बॉनेट पुसायला लागलात.

"आजोबा, इंजिन कुणाचं आहे?"

तुम्ही सांगितलंच नाहीत. गाडी श्रीगोंद्याच्या ठाण्यात गेली. मी दुसऱ्या दिवशी तिथं गेले तेव्हा फौजदार मला खुर्ची देऊन सरळपणानं म्हणाले, "बाई, तुमचे सासरे एका शब्दानं सांगत नाहीत. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी काय समजलो असतो, तुम्हीच सांगा."

आठवडाभर तुम्ही रोज सकाळच्या एसटीनं श्रीगोंद्याला जायचात, बाकावर बसायचात, संध्याकाळी यायचात. हे पुन्हा छपरात गेले. कुबडी पुन्हा भिंतीला लागली.

आता ते सांगते, जे तुम्ही असताना माझ्या तोंडून निघालं नाही. त्या आठवड्यात मी तुम्हाला चोर समजले, मामा. तुम्ही ठाण्यात गेल्यावर तुमची पत्र्याची पेटी उघडून मी सगळी उचकटली. लिलावाचा कागद, सासूबाईंचा एक फोटो, पेन्शनचं पुस्तक. इंजिनाबद्दल चिठोरासुद्धा नाही. मग मी माहेरी भावाला पत्र लिहिलं. सासरे चोरीच्या प्रकरणात सापडलेत, माझ्या नोकरीवर येईल, येऊन मला घेऊन जा. पाकिटावर पत्ता घातला. टपालपेटीजवळ जाईपर्यंत पोस्टमन निघून गेला होता, म्हणून ते पत्र राहिलं. नंतर मी ते चुलीत घातलं. पोस्टमन पाच मिनिटं थांबला असता तर काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही.

शेवटी मीच तुम्हाला घेऊन नगरच्या मोटार कचेरीत गेले. तिथले इन्स्पेक्टर चष्मा कपाळावर सरकवून आपला कागद वाचत होते. त्यांनी समजावून सांगितलं, "कंपनीची नवी गाडी असती तर कंपनीच्या एका कागदावर भागलं असतं. ही तुम्ही जोडून केलेली. मग जोडलेली मोठी वस्तू कुठून आली ते प्रत्येकाचं कळलं पाहिजे. सांगाड्याचा कागद तुमच्या नावाचा आहे, तो चालेल. वरच्या कामाची सुताराकडून पावती आणा. आणि इंजिन ज्या गाडीतनं काढलं, तिचं पुस्तक इथं जमा करा. ती गाडी मोडीत काढली आणि इंजिन खुशीनं दिलं, असं त्या मालकानं लिहून द्यायचं."

तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलंत. "मानूस यायलाच पायजे का?"

"यायलाच पाहिजे. सही माझ्यासमोर."

माळीवाड्याच्या स्टँडवर आपण श्रीगोंद्याच्या गाडीची वाट बघत बसलो. तुम्ही धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "जगन्नाथनं दिलंय."

मला क्षणभर कळेना कोण जगन्नाथ. मग कळलं.

तुम्ही सांगत गेलात. लिलावाच्या दिवशी तो तुम्हाला फाटकापाशी भेटला. नोकरी सोडल्यावर त्यानं एक जुनी जीप घेतली होती, ती घाटात उलटून वाकली. इंजिन तेवढं धड राहिलं. आता तो नगरजवळ नागापूरला, कारखान्यांच्या नव्या वसाहतीत एका शेडमध्ये लेथ मशीनवर होता. "मी त्याला मारायला हात उचलला," तुम्ही म्हणालात. "त्यानं डोकं खाली घातलं. मग मारता येईना. मी कशाला सांगाडा घेतोय ते त्याला कुनीतरी सांगितलं आसंल. म्हनला, मामा, माझं इंजिन न्या. मी न्हाई म्हनलो. दोनदा न्हाई म्हनलो."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा आपल्या नामदेवाचं तोंड डोळ्याम्होरं आलं."

तुम्ही एकच अट घातली होती. ह्यांना कधी कळता कामा नये. "त्याला कळलं तर तो त्या गाडीत बसायचा न्हाई. गाडी सडू दे ठाण्यात. मला चोर म्हनू देत. पर पोरगा माझा बाजारात हसला हुता, तेवढं त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे."

मी तेव्हा तुमच्याशी भांडले. स्टँडवर, लोकांत. माझा आवाज चढला होता, कारण मला लाज वाटत होती आणि ती लाज तुम्हाला दाखवता येत नव्हती. मी म्हटलं, "कागदानं गाडी चालत नाही म्हणालात. कागदाशिवाय ती ठाण्यातून हलत पण नाही. ह्यांना सांगायलाच पाहिजे."

"तू सांगायचं न्हाई. शपथ हाय तुला."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. गाडी लागली, आपण चढलो.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी कुणाला न सांगता नागापूरला गेले. शेड्स उभ्या राहत होत्या, कुठं पत्रे चढत होते, कुठं नुसतेच खांब. तिसऱ्या शेडमध्ये तो सापडला. मी म्हटलं, "मी नामदेवची बायको." त्यानं मशीन बंद केलं. आणि ते पुरतं थांबेपर्यंत तो त्याच्याकडंच बघत उभा राहिला, मगच माझ्याकडं वळला. त्या एवढ्याशा गोष्टीनं माझा राग निम्मा गेला.

सगळं ऐकून तो म्हणाला, "वैनी, मामा म्हनले हुते, घराकडं कधी फिरकायचं न्हाई."

"मी म्हणतेय, या."

"त्यानं हाकललं तर?"

"तर हाकलतील. पण तुमच्या सहीवाचून माझे सासरे चोर ठरताहेत."

रविवारी दुपारी तो आला. गाडीचं जुनं पुस्तक पिशवीत घालून, अंगणाबाहेर चपला काढून उभा. तुम्ही बाजेवरून उठलात, त्याच्याकडं पाहिलंत, मग माझ्याकडं. असं तुम्ही माझ्याकडं कधीच पाहिलं नव्हतं. "तुला सांगितलं हुतं," एवढंच म्हणालात.

हे छपरातून बाहेर आले. कुबडीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मी मध्ये पडून सगळं सांगून टाकलं, इंजिन कुणाचं, का लपवलं, कागद का पाहिजे.

मग ह्यांनी विचारलं, "बटन दाबायच्या आधी तू खाली बगितलं हुतं का?"

मला वाटलं तो काहीतरी सांगेल. शिट्टी ऐकू आली, मुकादम ओरडला, अंधार होता. सगळी कारणं त्याच्यापाशी असणार.

"न्हाई," जगन्नाथ म्हणाला. "बगायला पायजे हुतं. न्हाई बगितलं."

ह्यांनी कुबडी काखेत नीट घेतली. मग म्हणाले, "हेडचं पॅकिंग गळतंय त्या इंजिनाचं. देताना ठावं हुतं का?"

"व्हय. पैल्यापास्नंच गळतंय ते. दोनदा बदललं हुतं मी."

"पॅकिंगचा दोष न्हाई तो. हेड वाकलंय."

"मला बी तसंच वाटलं हुतं," जगन्नाथ म्हणाला, आणि तिथंच अंगणात बसून तोंड झाकून रडायला लागला. हे त्याच्याजवळ गेले नाहीत. पण छपरातही परत गेले नाहीत. लिंबाखाली तुमच्या बाजेच्या कडेवर बसले आणि मला म्हणाले, "चहा टाक. चार कप."

माफ केलं असं त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही. मी विचारतही नाही.

कचेरीतला तो दिवस तुमच्यासोबत पुन्हा एकदा जगून घ्यावासा वाटतो. जगन्नाथनं ठाण्यात आपलं पुस्तक दाखवलं, तिथून चिठ्ठी मिळाली, गाडी मिळाली, आणि आपण चौघं तिच्यातूनच नगरला गेलो. हे चालवत, तुम्ही शेजारी, मी आणि जगन्नाथ मागं. जगन्नाथनं लिहून दिलं, सही केली, आपलं पुस्तक जमा केलं. इन्स्पेक्टरांनी सांगाड्यावरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तसाच इंजिनाचा ठसा घेतला, आणि दोन्ही ठसे अर्जाला जोडले. गाडी वजनाच्या काट्यावर चढवली, ब्रेक तपासले. मग ते ह्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चला, एक फेरी मारा." आपण तिघं आवारात उभे. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तेव्हा तुम्ही माझा हात धरला होता. तुमच्या लक्षात नसेल. मला अजून तो धरलेला कळतो.

परत आल्यावर इन्स्पेक्टर खाली उतरून ती क्लचची मूठ वाकून बघत राहिले. "हे कुणी केलं?"

"आबांनी," हे म्हणाले.

आत कारकून अर्ज वाचत होता. "बनवणाऱ्या कंपनीचं नाव रिकामं आहे. काय घालू?"

इन्स्पेक्टरांनी तुमच्याकडं बोट केलं. "हे आहेत की समोर. ह्यांचं नाव घाला."

तुम्हाला सहीपुरतंच लिहिता येत होतं. पुस्तक हातात आल्यावर तुम्ही ते माझ्यापुढं धरलंत आणि म्हणालात, "वाच." मालक म्हणून तुमचं नाव होतंच. बनवणारा म्हणूनही तुमचंच. मी वाचलं. तुम्ही म्हणालात, "आनिक एकदा." स्टँडजवळ चहा पिताना तिसऱ्यांदा वाचून घेतलंत. ते 'वाच' म्हणजे महिनाभरातला तुमचा माझ्याशी पहिलाच सरळ शब्द होता. त्या रविवारपासून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलं होतं. "नामदेव, तिला सांग मीठ जास्त झालंय." आणि मी समोर बसलेली असायची.

मी शपथ मोडली, यावरचा आपला वाद तसाच राहिला, मामा. एकदा मी काढला तर तुम्ही म्हणालात, "निभावलं म्हनून. न्हाईतर?" मी एका माणसाच्या जखमेवर दुसऱ्याला आणून उभं केलं होतं, त्याला न विचारता. हे विहिरीवर गेले असते तर आज मी कुठल्या तोंडानं हे लिहिलं असतं? तुमची भीती वेडी नव्हती. फक्त तुम्ही तुमच्या लेकाला जेवढा कच्चा समजत होतात, तेवढा तो नव्हता. मला हे तेव्हा ठाऊक होतं असं म्हणणार नाही. मी तुम्हाला वाचवायला गेले होते. त्यांचं काय होईल याचा विचार मी नागापूरच्या गाडीत बसल्यावर केला, आणि तेव्हा उतरावंसंही वाटलं होतं.

पण नंतरचं वर्ष चांगलं गेलं, नाही? विहिरीचा दोर दुपारी काढायचं तुम्ही कधी बंद केलंत ते मला नीट आठवत नाही. एक दिवस बघितलं तर तो रहाटावरच होता. जगन्नाथ महिन्यातून एक रविवार यायचा, दोघं इंजिनात डोकं घालून बसायचे, आणि तुम्ही बाजेवरून दोघांनाही शिव्या द्यायचात. शेवटी ते वाकलेलं हेड, इंजिनाचं वरचं झाकण, बदललं. पाऊस बरा झाला, बाजरी आली, आणि तुम्ही गाडीत पुढं बसून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांकडं जाऊन आलात. तिथं गेल्यावर उतरायचं राहू द्या, आधी ते पुस्तक दाखवायचात.

तुम्हाला वाडीच्या कडेपर्यंत खांद्यावरून नेलं आणि तिथून ओढ्यापर्यंत ह्यांच्याच गाडीतून. ज्येष्ठ मंडळींनी कुरकूर केली. हे म्हणाले, "माझा खांदा हाच हाय." मागं तिरडीला धरून जगन्नाथ बसला होता.

तेरावा झाला. मालक गेल्यावर गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते, मुदतीत कळवावं लागतं, हे मी कालच ह्यांना सांगितलं. मृत्यूचा दाखला काढून ठेवला होता, अर्जही लिहून ठेवला होता. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर दोघं जाऊ म्हटलं.

आज सकाळी हे आंघोळ करून तयार झाले. कागद पिशवीत घातले. म्हणाले, "शनवारपतुर कशाला थांबायचं? तू शाळेला जा. मी जाऊन येतो."

पाय गेल्यापासून ते एकटे असे वाडीबाहेर कधी गेले नव्हते. तुम्ही तरी सोबत असायचात, नाहीतर मी. मी कागदांची पिशवी त्यांच्या शेजारी ठेवली. त्यांनी मूठ दाबली, गिअर टाकला, आणि गाडी फाट्याकडं वळली.

मग मी शाळेत गेले. तिसरीला भागाकार शिकवला, चौथीचं शुद्धलेखन तपासलं, दुपारी मुलांना सुटी दिली आणि इथं लिंबाखाली येऊन तुम्हाला लिहायला बसले. ऊन उतरलंय. ते अजून आलेले नाहीत. एवढं लिहून झाल्यावर आत्ता माझ्या ध्यानात आलं, मामा, की सबंध दिवसात मी एकदाही रस्त्याकडं पाहिलेलं नाही.